सही कोणी करायची?

दसरा होऊन चार दिवस झाले होते. मी चाचणी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि लाल शाईच्या पेनाने मुलांच्या वेलांट्या इकडच्या तिकडे करीत होतो. मराठीच्या प्राध्यापकाचे निम्मे आयुष्य या कामात जाते. उरलेले निम्मे, आपण केलेल्या दुरुस्त्या कोणी वाचल्या नाहीत हे पुढच्या परीक्षेत पाहण्यात जाते. तेवढ्यात आमची कन्या चहाचा कप घेऊन आली. न मागता चहा येतो तेव्हा त्याच्यामागून काय येणार, हे प्रपंचात पडलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. कपाखाली बशीऐवजी एक कागद होता.

"बाबा, इथे फक्त एक सही."

कॉलेजची सहल असेल असे समजून मी सही करायला निघालोही होतो. पण हातातले पेन लाल शाईचे, म्हणून दुसरे शोधायला उठलो, आणि त्या दोन मिनिटांत कागद वाचला गेला. कागद इंग्रजीत होता. वर एका दुकानाचे नाव, खाली बारीक टाइपात बरेच काही, आणि त्या बरेच काहीचा मथितार्थ असा की, माझ्या अज्ञान अपत्याच्या अंगावर सुईने कायमची खूण काढण्यास माझी हरकत नाही. पुढे काही झाले तर त्याची जबाबदारी दुकानावर नाही. आणि मी हे राजीखुशीने लिहून देत आहे.

म्हणजे टॅटू. म्हणजे आपले गोंदण.

वाचकहो, आता या ठिकाणी बापाने काय करावे असे तुम्हांला वाटते? मी केले ते असे की, "हे काय थेर आहे?" असे म्हटले. चार पिढ्यांचे बाप या जागी हेच वाक्य बोलत आले असावेत. मला दुसरे सुचले नाही. कन्या मात्र शांत होती. ती बारावीला आहे. येत्या मार्च महिन्यात अठरा पुरी होतील. तिने नुसतेच विचारले, "थेर का?"

थेर का, याची कारणे माझ्याजवळ भरपूर होती. मी तिला आमच्या कॉलेजातल्या एका मुलाची गोष्ट सांगितली. चांगला पोरगा. धावतो, पोहतो, सैन्यात जायचे म्हणून पहाटे चारला उठतो. अकरावीत असताना त्याने दंडावर बाहेरच्या बाजूने एका मुलीचे नाव गोंदवून घेतले. दुकानदाराने बापाची सही मागितली, ती याने स्वतःच ठोकली. पुढे ती मुलगी दुसऱ्या गावी गेली, नाव राहिले. आणि मग कोणीतरी त्याला सांगितले की सैन्यभरतीत कायमच्या गोंदणाला सवलत आहे ती कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. दंडावर चालत नाही. आदिवासी जमातींच्या रूढीचे गोंदण असेल तर गोष्ट वेगळी. पण आमचा पोरगा राहणार पेठेत, आणि प्रेमभंग ही अद्याप कोणत्याही जमातीची रूढी म्हणून नोंदलेली नाही. आता तो लेसरने ते नाव काढून घेतो आहे. एका बैठकीत काम होत नाही. मध्ये काही आठवडे जाऊ द्यायचे आणि पुन्हा बसायचे. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर निघते, हिरवी-निळी दाद देत नाही. त्याने नावाभोवती नेमकी हिरवी वेल काढून घेतली आहे. गोंदायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे पुसायला लागताहेत, आणि दुखते जास्त असे तो म्हणतो.

कन्येने सगळे ऐकून घेतले. "मला सैन्यात जायचं नाहीये," ती म्हणाली, "आणि मला कुठल्या मुलाचं नाव काढायचं नाहीये."

"मग?"

"आजीचं."

मला वाटले, आजीच्या हातावरची तुळस म्हणते आहे. आमच्या आईच्या उजव्या हातावर तुळशीवृंदावन आहे, कपाळावर टिकली आणि हनुवटीवर तीन ठिपके आहेत. माण तालुक्यातल्या तिच्या वयाच्या बायकांना ते असतेच. तसे असेल तर प्रकरण थोडे सौम्य होते. पण नाही. "तिच्या डाव्या हातावर नाव आहे ना, ते," कन्या म्हणाली.

आता खरे सांगायचे तर मी थोडा खजील झालो. आईच्या डाव्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, काहीतरी निळसर आहे हे मी शेहेचाळीस वर्षे पाहतो आहे. लहानपणी मला वाटे ते विठोबाचे नाव आहे. पुढे वाचता यायला लागले तेव्हा ते वाचून पाहावे असे काही मनात आले नाही. माणूस जुन्या पोथ्या वाचतो, शिलालेखांचे ठसे वाचतो, आणि रोज भाकरी वाढणाऱ्या हातावर काय लिहिले आहे ते त्याने वाचलेले नसते. गेल्या उन्हाळ्यात आई मोरीत घसरली आणि तिचा डावा हात मोडला. प्लॅस्टर निघाल्यावर महिनाभर रोज संध्याकाळी त्या हाताला तेल लावायचे काम नातीकडे होते. तिने ते वाचले.

पण तिकडे मी नंतर येतो. आधी सहीचे पाहू. कारण आमच्या वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब त्याच वेळी चिवडा कसा झाला आहे ते बघायला खाली उतरले. दिवाळीला अजून अवकाश होता, पण सौभाग्यवतीच्या चिवड्याची रंगीत तालीम दसऱ्यानंतर लगेच होते आणि परीक्षक म्हणून वकीलसाहेब ठरलेले आहेत.

मी त्यांच्यापुढे कागद टाकला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि पहिले वाक्य उच्चारले ते असे: "प्राध्यापक, फक्त गोंदणासाठी म्हणून वय ठरवून देणारा स्वतंत्र कायदा आपल्या संसदेने केलेला नाही. दुकानदार लोक अठरा म्हणतात ते शिरस्त्याने, आणि थोडे भीतीने."

"भीती कशाची?"

"सांगतो. वाटीत थोडा चिवडा घाला."

त्यांनी सांगितले ते मी माझ्या भाषेत सांगतो. १८७५ सालच्या सज्ञानता कायद्याप्रमाणे माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. तोवर तो अज्ञान. या शब्दांची मला मोठी गंमत वाटते. इंग्रजीत अशा मुलाला नुसते 'लहान' म्हणतात. आम्ही त्याला थेट अज्ञान करून टाकले. अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री अज्ञान आणि दुसऱ्या सकाळी सज्ञान! माझे वडील मी नऊ वर्षांचा असताना गेले. तेव्हा सातबाऱ्याच्या उताऱ्यावर माझे नाव लागले, पुढे 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आणि त्यापुढे आईचे नाव. अज्ञान पालन कर्ता. कितीतरी दिवस मला वाटत होते की अपाक हे आमचे एखादे जुने आडनाव असावे.

तर अज्ञान माणसाला करार करता येत नाही, असे १८७२ चा करार कायदा म्हणतो. कलकत्त्याच्या एका सावकाराने अशाच एका अज्ञान मुलाकडून घरे गहाण लिहून घेतली होती. ते भांडण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात गेले आणि १९०३ साली निकाल लागला की अज्ञानाचा करार मुळात करारच नव्हे. तेव्हा माझ्या कन्येने त्या दुकानात काहीही लिहून दिले तरी त्या कागदाला कायद्यात किंमत नाही. दुकानदाराला बापाची सही हवी असते ती म्हणून.

"मग मी सही दिली की झाले?"

"तिथेच तर गोम आहे," वकीलसाहेब म्हणाले. सुई टोचली म्हणजे वेदना झाली, आणि दुसऱ्याच्या शरीराला वेदना देणे म्हणजे फौजदारी कायद्याच्या भाषेत दुखापत. ती दुखापत गुन्हा ठरत नाही, कारण समोरच्याची संमती असते. १ जुलै २०२४ पासून आपल्याकडे जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पण या बाबतीत शब्द बहुतेक जुनेच, १८६० सालचे आहेत. त्यातले कलम २५ म्हणते की, मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव नसेल, तर अठरा वर्षांवरचा माणूस आपल्या शरीराला थोडी इजा करून घ्यायला संमती देऊ शकतो. उदाहरण दिले आहे ते दोन माणसे करमणुकीखातर तलवारबाजी खेळतात याचे. ते उदाहरण कोणत्या साहेबाच्या जमान्यातले आहे हे वेगळे सांगायला नको. पुढचे कलम २७ म्हणते की, मूल बारा वर्षांच्या आतले असेल, तर त्याच्या हितासाठी, सद्बुद्धीने, पालक संमती देऊ शकतो. आणि कलम २८ म्हणते की बाराच्या आतल्या मुलाची स्वतःची संमती ही संमतीच नव्हे.

"म्हणजे बघा," वकीलसाहेब वाटी खाली ठेवून म्हणाले, "पालकाच्या सहीची सोय बाराव्या वर्षी संपते आणि करमणुकीखातर टोचून घेण्याची मोकळीक अठराव्या वर्षी सुरू होते. बारा ते अठरामध्ये, स्वतःच्या हिताची गोष्ट असेल, म्हणजे डॉक्टरने गळू फोडले वगैरे, तर मुलाची संमती चालते. पण टॅटूत हित कसले दाखवणार? तुमची कन्या सतरा वर्षांची. तुमची सही या कागदावर छान दिसेल, पण फौजदारी कोर्टात ती दुकानदाराला किती उपयोगी पडेल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही."

"आणि माझे कान टोचले ते?" इतका वेळ दाराआड उभ्या असलेल्या कन्येने विचारले. "मी बारा दिवसांची होते. मला कुणी विचारलं होतं?"

वकीलसाहेब म्हणाले, "ते सोनाराने टोचले. सोनाराने कान टोचायचे आणि आपण ऐकून घ्यायचे, अशी म्हणच आहे." पण हे उत्तर नव्हे हे त्यांनाही कळत होते. ते चिवड्यात मीठ जरा कमी आहे असे सांगून वर गेले.

रात्री मला झोप येईना. पुस्तकी माणसाला झोप आली नाही की तो वाचतो. दुसऱ्या लोकांनी याचे काय केले आहे ते मी पाहात बसलो. आणि त्यात मला सर्वांत आवडला तो विलायतेचा कायदा. १९६९ सालचा. इतका लहान की एका पानात मावावा. अठरा वर्षांच्या आतल्या कोणालाही गोंदणे हा गुन्हा, बस्स. आई-बापांच्या सहीचा त्यात उल्लेखच नाही. सही असली काय, नसली काय, गुन्हा तो गुन्हा, आणि तो गोंदणाऱ्याचा, मुलाचा नव्हे. सूट एकच: वैद्यकीय कारणासाठी डॉक्टरने किंवा त्याच्या देखरेखीखाली केलेले गोंदण. (कर्करोगावर किरणांचा उपचार करताना किरण रोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून कातडीवर बारीक ठिपके गोंदतात. रुग्ण लहान मूल असले तरी ते करता येते.) आणि गोंदणाऱ्याला बचाव एकच: समोरचा अठराचा आहे असे मानायला मला सबळ कारण होते, हे त्याने दाखवायचे. त्याच १९६९ साली त्या पार्लमेंटने सज्ञान होण्याचे वय एकवीसवरून अठरावर आणण्याचा आणि अठराव्या वर्षी मताचा हक्क देण्याचाही कायदा केला. म्हणजे एका हाताने तरुणांना मोठे केले आणि दुसऱ्या हाताने त्यांची कातडी सांभाळली.

पण साहेबाच्या घरीही मौजा असतातच. इंग्लंडात सोळाव्या वर्षी आई-बापांच्या संमतीने लग्न करता येत असे. हा प्रकार २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत चालू होता. मग ते वय अठरा झाले. तेव्हा चौपन्न वर्षे तिथे अशी स्थिती होती की सोळा वर्षांची मुलगी बापाच्या सहीने नवरा करू शके, पण त्या नवऱ्याचे नाव हातावर गोंदवून घ्यायला तिला आणखी दोन वर्षे थांबावे लागे. मला तर यात काही चूक दिसत नाही. उलट अग्रक्रम बरोबर वाटतो, फक्त लग्नालाही तोच लावायला त्यांना अर्धे शतक लागले.

डेन्मार्कने १९६६ सालीच अठराच्या आतल्यांना गोंदायची बंदी केली, आणि वर मोठ्यांनाही डोके, मान आणि हाताचे पंजे या जागा मना केल्या. फ्रान्समध्ये मात्र आई किंवा बाप यांची लेखी संमती असली की चालते. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगवेगळा न्याय: कुठे आई-बापांच्या संमतीने चालते, कुठे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियासारखे अठराच्या आत मुळीच नाही. न्यूयॉर्क शहराने तर १९६१ मध्ये कावीळ पसरते म्हणून लहानमोठ्या सगळ्यांचेच गोंदण बंद केले होते; ती बंदी १९९७ ला उठली. ओक्लाहोमा राज्याने गोंदणाला परवानगी दिली ती थेट २००६ साली.

काविळीची भीती खोटी नव्हती. एकाच्या रक्ताची सुई दुसऱ्याच्या अंगात गेली की यकृताच्या काविळीचे विषाणू जातात, आणि आता एच.आय.व्ही.चीही धास्ती आहे. म्हणून तर आपल्याकडे गोंदवून घेतलेल्या माणसाचे रक्त वर्षभर रक्तपेढी घेत नाही. आणि शाई तरी टिकते कशी? वरची कातडी सतत झडत असते. तिथे रंग राहता तर महिन्या-दोन महिन्यांत धुऊन निघाला असता. सुई त्याखालच्या थरात जाते. तिथे शरीराच्या रखवालदार पेशी त्या रंगाला शत्रू समजून गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. त्या मेल्या की नव्या येतात आणि तोच रंग पुन्हा गिळतात. म्हणजे आपण ज्याला नक्षी म्हणतो ती शरीराच्या दृष्टीने एक न संपणारी लढाई असते.

एवढे सगळे वाचून माझे मत पक्के झाले. नियम असावा तर विलायतेसारखा असावा. बापाच्या सहीने चालणारा नियम मला आवडला नाही. पोराच्या कातडीवर सही करणारा मी कोण? सातबाऱ्यावर अपाक लागते ते जमिनीसाठी. जमीन पुन्हा नांगरता येते.

सकाळी चहाच्या वेळी मी हे मत मोठ्या उत्साहाने मांडले. सौभाग्यवती म्हणाल्या, "मग नाही म्हणा की सरळ. विलायतेला कशाला जायचं?" कन्या काही बोलली नाही. ती उठून आत गेली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "आजी, तुला गोंदलं ते सांग ना बाबांना."

आई म्हणाली, "त्यात काय सांगायचं? शिंगणापूरच्या जत्रेत गोंदलं. चैताचं ऊन. मी सात वर्साची आसंन."

मग ती सांगत गेली. गोंदणारी बाई झाडाखाली पोते टाकून बसली होती. दिव्याची काजळी पाल्याच्या रसात कालवलेली, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या सुया. आजीने, म्हणजे माझ्या पणजीने, हात धरला आणि आत्याने पाय. गोंदणारी बाई गाणे म्हणत होती, म्हणजे पोरीचे ध्यान तिकडे राहील. राहिले नाही. तुळस झाली, कपाळ झाले, हनुवटी झाली. वर हळद लावली. सणकून ताप आला आणि तीन दिवस डोळा उघडला नाही. असे का करायचे तर न गोंदलेल्या सुनेच्या हातचे पाणी सासरी घेत नाहीत. आणि मेल्यावर दागिना काढून घेतात, बरोबर येते ते फक्त गोंदण.

"मला कुणी इचारलं न्हाई," आई म्हणाली. "आन् इचारायची पद्धत कुटं व्हती?"

"आणि नाव?" मी विचारले.

"नाव माज्या बापानं काढाय लावलं. त्येला लई हौस. म्हनला, लेक साळंत जातीय, तिचं नाव काढ. त्या बाईला कुटं लिवता येतंय? बापानं काडीनं मातीत लिवून दावलं, तिनं बघून बघून काढलं."

मी चष्मा लावून तिचा हात खिडकीपाशी नेला. तीन अक्षरे. सात वर्षांच्या मुलीच्या हातावर काढली तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी असतील. हात वाढला तशी तीही वाढली, पसरली, कडा विरल्या. मधल्या अक्षराचा कान्याकडचा भाग तर सुरकुतीत गेला आहे. पण वाचता येते. ते नाव मी आयुष्यात पहिल्यांदा वाचले. इथे लिहीत नाही. ते तिचे आहे.

कारण आमच्या घरी तिला त्या नावाने कोणीच कधी हाक मारली नाही. सोळाव्या वर्षी लग्न झाले. ताटात तांदूळ पसरले आणि माझ्या वडिलांनी अंगठीने त्यात सासरचे नवे नाव लिहिले. ते सातबाऱ्यावर गेले, रेशनकार्डावर गेले, माझ्या शाळेच्या दाखल्यावर गेले, आधारकार्डावर आहे. माहेरची माणसे एकेक करून गेली. आता जुन्या नावाने तिला ओळखणारे माझ्या माहितीत एकही माणूस नाही. आहे तो हा हात.

"सासूनं पाहिलं," आई म्हणाली, "आन् म्हनली, ह्ये पुसता येत न्हाई व्हय?"

आणि हसली.

वाचकहो, रात्री मी जो नियम इतक्या पसंतीने उचलला होता, तो त्या साली शिंगणापूरच्या जत्रेत लागू असता तर त्या मुलीला तीन दिवस ताप आला नसता. आणि तिचे नावही कुठे उरले नसते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांची बेरीज मला अजून करता आलेली नाही. मी एवढेच पाहिले की आईने तिच्या बापाला दोष दिला नाही, पण हात धरणाऱ्या आजीचे नाव काढताना तिचा आवाज थोडा बदलला. सत्तर वर्षे झाली त्याला.

"पोरी," ती नातीला म्हणाली, "तुजी अठरा कवा व्हत्यात?"

"मार्चमध्ये. पाच महिने आहेत."

"मग तवर दम धर. बापाची सही कशापायी? माज्या बापानं माज्या हातावर लिवलं. तुज्या हातावर तुजं तू लिव."

कन्येने ओठ मुडपला. पाच महिने म्हणजे तिच्या वयात पाच युगे. तरी तिने कागदाची घडी घातली. मला वाटले आता फाडेल, पण तिने तो माझ्याकडे दिला. मी तो विम्याच्या पावत्यांच्या फायलीत ठेवला आहे. मार्चनंतर त्याची गरज उरणार नाही. तेव्हा तिने मला विचारले तर नको म्हणेन. न विचारता गेली तर दुकानात नवी सुई पाकिटातून समोर फोडतात की नाही, एवढे बघून घे म्हणेन. ती जाईलच असेही नाही. पाच महिन्यांत माणसाचे मन बदलते. विलायतेच्या कायद्यात जर काही शहाणपण असेल तर ते या मुदतीतच असावे.

पण प्रकरण इथे संपले नाही. दुपारी पाहतो तो कन्या आजीच्या हातावर लोणीकागद ठेवून पेन्सिलीने ती अक्षरे उतरवून घेत होती. आज आहे तसे उतरवून ठेवते, म्हणाली. पुढे आणखी पुसट झाले तर? अक्षरे कागदावर आल्यावर मी ती नीट पाहिली, आणि वीस वर्षांच्या सवयीने माझ्या लक्षात यायचे ते आलेच. पहिली वेलांटी चुकली होती. दीर्घ हवी तिथे ऱ्हस्व. आजोबांनी मातीत चुकीची काढली, की त्या बाईने उलट बाजूने बघितली, कोण जाणे.

"आई, तुझ्या नावाची वेलांटी चुकली आहे," मी म्हणालो.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "दुसरीत मास्तरांनी सांगितलं व्हतं. पाटीवर बरुबर लिवायची मी, हात पदराखाली झाकून."

कन्येने पेन्सिल वर उचलली आणि माझ्याकडे पाहिले. "मग बाबा, मी काढीन तेव्हा बरोबर करून काढू, की अशीच?"

माझ्या पुढ्यात उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तसाच पडला होता आणि हातात लाल पेन होते. मी आईकडे पाहिले. ती चकलीच्या भाजणीला तांदूळ निवडत होती.

"आशीच काढ," ती मान वर न करता म्हणाली. "न्हाईतर ते माजं कसं?"